रात्रपाळीचं घर

ती आमच्याकडे आली तेव्हा पावणेतीन वर्षांची होती,
असं कागदावर.
दात मात्र चार वर्षांचे, असं आई म्हणाली,
आणि आई कागदापेक्षा दातांवर विश्वास ठेवायची.

शिवडी, गोदीच्या क्वार्टर्स, तिसरा मजला.
खिडकीच्या कठड्यावर रोज कोळशाची पूड साचायची,
आई रोज पुसायची.
तिच्याबरोबर एक पिशवी, दोन फ्रॉक,
आणि डाव्या पायाच्या दोन चपला,
वेगवेगळ्या रंगांच्या.
फाईलवर नाव सुगंधा. ती सांगायची, बेबी.
आज तिसरंच आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

"किती दिवस?" मी विचारलं.
"ऑर्डर येईपर्यंत," गोडांबेबाई म्हणाल्या.
मी आठ वर्षांचा. ऑर्डर म्हणजे मला
नाक्यावरच्या इराण्याकडची ठाऊक,
ती पाच मिनिटांत यायची.

बाबा क्रेनवर, कायम रात्रपाळी.
दिवसा घरात चादरीचा काळोख.
कुकर शिट्टी मारायच्या बेतात आला
की आई चिमट्याने ती उचलून धरायची,
वाफ हळूहळू सोडायची.
आम्ही भांडायचोसुद्धा कुजबुजत.
माझं शाळेत "मोठ्याने वाच" म्हणून नाव खराब.

ती दुसऱ्याच दिवशी सगळं शिकली.
मोरीत जायचं. नळ बारीक सोडायचा.
बादलीचा काठ दोन्ही हातांनी धरून
रडायचं.
तोंड पूर्ण उघडं, मान मागे, आवाज नाही.
मी एकदा फटीतून पाहिलं.
मला वाटलं, जांभई देतेय.

महिन्यातून एकदा गोडांबेबाई यायच्या, वही घेऊन.
आदल्या रात्री ती आईला विचारायची,
"उद्या काय म्हणू? आई, की काकी?"
"तुला वाटेल ते म्हण गं."
"त्यांना कुठलं आवडतं?"
सकाळी ती आईच्या मांडीवर बसायची,
केसांना तेल, हसू कानापर्यंत,
नजर बाईंच्या पेनवर.
पेन चालतंय तोवर हसू.
टोपण लागलं की उतरायची, खेळायला जायची.
बाई लिहायच्या, रुळली आहे.
खोटं नव्हतं ते. पण पूर्ण खरंही
मी कधी मानलं नाही. मत्सर असेल.
माझी गादीची बाजू तिला गेली होती, भिंतीकडची.

ऑर्डर दोन वर्षांनी आली.
कुणी सख्खी मावशी सापडली, विक्रोळीला.
आईने डब्यात शिरा भरला, चपला नव्या,
एक डावी, एक उजवी, नीट बघून घेतलेल्या.
दोन वर्षं रोज आई म्हणणारी
जिन्यात वळून म्हणाली, "येते काकी."
आई ते दोन शब्द पुढे कित्येक वर्षं
तांदळासारखे निवडत बसली.
कधी म्हणे, तोडलं पोरीने.
कधी म्हणे, माझं सोपं केलं.

परवा मोबाईलवर तिचा सिनेमा लावला.
त्यातला तो प्रसंग, ज्याचं सगळे कौतुक करतात:
मोरी, बादली, आवाजाविना रडणं.
दिग्दर्शकाला सुचलं, असं छापून आलंय.
आई पडद्याजवळ डोळे नेत म्हणाली,
"नळ बघ. तेवढाच सोडलाय."

बाबा खुर्चीत. रिटायर होऊन चौदा वर्षं.
तेव्हा बोलले, आमच्याकडे न बघता:
"मला ऐकू यायचा तो नळ.
बंद होईपर्यंत डोळे मिटून पडायचो."

"मग उठला का नाहीत?"

"उठलो असतो तर तिला वाटलं असतं,
आपला आवाज झाला."

आईने सिनेमा थांबवला नाही.
पुढे गाणं लागलं, तेही आम्ही
हळू आवाजात ऐकलं.